खाडीतल्या तिसऱ्या आणि आपल्या मोरीतले पाणी

गेल्या मे महिन्यात बऱ्याच वर्षांनी रत्नागिरीला आत्याकडे जाणे झाले. ऑफिसची रजा, लेकीची परीक्षा आणि मंडळाची कामे यांचा मेळ काही बसत नव्हता. शेवटी आत्याचाच फोन आला, "मेल्यावर येणार काय रे?" त्याच आठवड्यात आम्ही तिघे रात्रीच्या गाडीत बसलो.

लहानपणी हा प्रवास एस.टी.चा असायचा. कशेडीच्या घाटात निम्मी गाडी ओकायची आणि हातखंब्याच्या फाट्यावर उजाडायचे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि ते हाल संपले. आता झोपेतच रत्नागिरी येते. स्टेशनवरून रिक्षा करून शहर ओलांडले की पावसच्या रस्त्याला भाट्याचा पूल लागतो. पुलावर आलो तेव्हा मी रिक्षावाल्या दादांना म्हटले, "दोन मिनिटे थांबा." लेकीला दाखवायचे होते.

सह्याद्रीतून उतरलेली काजळी नदी इथे अरबी समुद्राला मिळते. पश्चिमेला तोंड केले की उघडा समुद्र, भाट्याची वाळू आणि सुरूची झाडे. जवळच नारळ संशोधन केंद्र आहे, ते १९५५ पासूनचे. उत्तरेच्या काठाला राजिवड्याच्या होड्या. आणि पूर्वेला पाहिले की खाडी: कांदळवन, चिखल, बगळे आणि संथ पाणी. भरतीला समुद्र आत शिरतो, ओहोटीला नदी बाहेर जाते. या गोड्या-खाऱ्या पाण्याच्या येण्याजाण्यावरच खाडीतले शिंपले जगतात, आणि त्या शिंपल्यांवर काठावरची गरीब घरे.

आत्याचे घर खाडीच्या काठाने थोडे आत आहे. आत्याचे वय सत्तरीच्या पुढे. काका लवकर गेले. शेती नावापुरती. दोन मुलांची शिक्षणे तिने मजुरीवर आणि तिसऱ्यांवर केली. तिसऱ्या म्हणजे चिखलवाळूत राहणारे दोन झाकणांचे शिंपले. खडकाला चिकटलेली ती कालवे, आणि खडकावर दोऱ्यांनी धरून राहतात ते हिरवट शिणाणे. शाळेत फी भरायचा दिवस आला की आत्या पहाटे खाडीत उतरायची आणि दहा वाजता बाजारात वाटे लावून बसायची. आमच्या घराण्यातला पहिला डिप्लोमावाला असा शिंपल्यांच्या वाट्यांवर झाला आहे, हे मी लेकीला मुद्दाम सांगितले.

अमावस्या होती. उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे लांबपर्यंत जाते. साडेपाचला आत्याने हाक मारली, "उठा रे, पाणी गेलं." अंधुक उजेडात आम्ही तिच्यामागे चिखलात उतरलो. ती अनवाणी. पायाच्या अंगठ्याने चाचपत जाते आणि मध्येच वाकून हात घालते, हातात तिसरी असतेच. लेकीने विचारले, "आजी, तुम्हांला कळते कसे?" आत्या म्हणाली, "डोळं बघ ना तिचं." चिखलावर दोन बारीक भोके होती. ते डोळे नव्हेत, तिसरीच्या दोन नळ्यांची तोंडे. एका नळीतून ती पाणी आत ओढते आणि दुसरीतून बाहेर सोडते. मध्ये कल्ल्यांची चाळण असते. त्या चाळणीत पाण्यातले बारीक अन्न अडकते, तेच तिचे जेवण. तोच तिचा श्वासही.

हे यंत्र किती काम करते त्याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक मोठे कालव परिस्थिती अनुकूल असेल तर दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळते. आपल्या चाळीत एका घराला दिवसाला मिळते त्यापेक्षा जास्तच! मात्र चाळणीत अन्नाबरोबर घाणही अडकते. 

तासाभरात आत्याची टोपली जेमतेम निम्मी झाली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पूर्वी एवढ्या वेळात दोन टोपल्या भरायच्या, बाबू. आता पोरीबाळींना हे काम सांगवत नाय." खाडीतले शिंपले कमी होण्याला कारणे अनेक असतात. गाळ साचतो, वाळू उपसतात, आणि पैशाच्या लोभाने बोटाच्या पेराएवढी पिल्लेसुद्धा खरवडून नेतात. आत्या बारीक तिसरी परत चिखलात टाकत होती. "ती पुढच्या वर्षाची," असे ती म्हणाली.

परत येताना काठावर एक ओहोळ लागला. वरच्या बाजूची घरे आणि नवीन झालेली राहण्याची ठिकाणे यांचे सांडपाणी त्यातून खाडीत येते. पाण्यावर पांढरा फेस होता, आणि वास चिखलाचा नव्हे, शाम्पूचा. आत्या तिथून लांबून वळली. मी विचारले, "इथे नाही का मिळत?" ती म्हणाली, "मिळतील तरी काय? इथला वाटा मी माझ्या नातवाला घालणार नाय, मग लोकांना कशी विकू?"

या एका वाक्याने मला थांबवले. बी.कॉम. झालेला माणूस मी, विज्ञानाचा नव्हे. पण हिशेब मला कळतो. मुंबईला आल्यावर लेकीच्या मदतीने जे वाचले आणि समजून घेतले, ते आपल्या घरातल्या सर्वांनी वाचावे म्हणून इथे मांडतो.

पहिली गोष्ट उन्हाची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०२० या काळात हिंद महासागराच्या वरच्या थराचे पाणी दर दशकाला सुमारे ०.१२ अंश सेल्सिअसने तापत गेले, असे त्यात दाखवले आहे. सात दशकांची बेरीज ०.८४ अंश होते. हा तापण्याचा वेग पुढे वाढणार आहे. समुद्रातही उष्णतेच्या लाटा येतात. त्यांचे दिवस वर्षाला सरासरी २० होते, ते या शतकाच्या अखेरीपर्यंत २२० ते २५० होतील, असा त्यांचा अंदाज आहे. आपला अरबी समुद्र याच महासागराचा भाग.

पाऊण-एक अंशाने काय होते, असे कोणी म्हणेल. आपल्या अंगात एक अंश ताप चढला की आपण कामावर जात नाही! शिंपल्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढे गरम, तेवढे त्याचे शरीर गरम. पाणी तापले की त्याच्या शरीराचे काम वेगाने चालते, त्याला प्राणवायू जास्त लागतो. आणि नेमके गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. खर्च वाढला आणि पगार कपात झाला, अशी ही अवस्था. मासा खोल पाण्यात पळतो. तिसरी चिखलात थोडी खाली सरकते, कालव तर जागचे हलूही शकत नाही. २०२१ च्या जूनअखेर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर भयंकर उष्णतेची लाट आली. ओहोटीच्या वेळी खडक तापले आणि शिणाण्यांच्या जातीचे शिंपले जागच्या जागी भाजून उघडे पडले. किनाऱ्यावरचे १०० कोटींहून अधिक लहान जीव मेले असावेत, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज होता.

दुसरी गोष्ट आपल्या मोरीची. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, पावडर, सेंट, उन्हाचे क्रीम. अंगावर लावलेली प्रत्येक वस्तू शेवटी मोरीतून जाते. मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, आणि प्रत्यक्ष शुद्ध होते सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर लिटरमागे २८. उरलेले ७२ लिटर तसेच पुढे जातात. जे शुद्ध होते त्यातूनही ही बारीक रसायने सगळी निघत नाहीत, कारण ती यंत्रे मुख्यतः मैला आणि गाळ काढण्यासाठी बांधलेली असतात.

ही रसायने शिंपल्यात गेल्यावर काय करतात? दोन उदाहरणे देतो.

साबणाला, सेंटला जो टिकाऊ सुगंध असतो, तो बऱ्याचदा कारखान्यात बनवलेल्या कस्तुरीचा असतो. शिंपल्याच्या कल्ल्यांतल्या पेशींना एक प्रकारचे पहारेकरी असतात. परके विष आत आले की ते त्याला बाहेर ढकलून देतात. २००५ साली अमेरिकेतील लुकेनबाख आणि एपेल या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या शिंपल्यांवर प्रयोग करून दाखवले की, ही बनावट कस्तुरी त्या पहारेकऱ्यांनाच अडवून ठेवते. पाणी बदलून स्वच्छ केले तरी पहारा लगेच पूर्ववत होत नाही. सुगंध स्वतः फार विषारी नसेलही; पण दार उघडे राहते आणि दुसरे विष आत येऊन बसते.

दुसरे उदाहरण ट्रायक्लोसानचे. हे जंतू मारणारे रसायन कित्येक साबणांत आणि टूथपेस्टमध्ये वापरले गेले. २०१९ साली पोर्तुगालच्या आवेइरो विद्यापीठातील रोझा फ्रैतास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिंपल्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही शिंपले १७ अंशाच्या पाण्यात ठेवले, काही २१ अंशाच्या. दोन्हीकडे ट्रायक्लोसान आणि डायक्लोफिनॅक यांची अगदी सूक्ष्म मात्रा घातली. डायक्लोफिनॅक म्हणजे आपण अंगदुखीवर चोळतो त्या मलमातले औषध, आणि गुरांना दिल्यामुळे आपल्या देशातली गिधाडे ज्याने मेली तेच. २८ दिवसांनी तपासले तेव्हा रसायनाच्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या पेशींवर ताणाच्या खुणा होत्या. ऊन वेगळे आणि रसायन वेगळे असे मोजून भागत नाही, दोन्ही एकत्र मोजावे लागतात, म्हणून असे प्रयोग होत आहेत.

कारण उघड आहे. शिंपल्याकडे शक्तीची शिल्लक ठरावीक. गरम पाण्यात नुसते जगायलाच जास्त शक्ती लागते. वरून विष निस्तरायलाही शक्ती लागते. मग वाढायला, कवच जाड करायला आणि अंडी घालायला काय उरणार? तिसऱ्यांची अंडी पाण्यातच फुटतात. पिल्ले डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक असतात आणि काही दिवस पाण्याबरोबर वाहत राहतात. सगळ्यांत नाजूक वय तेच. मोठा शिंपला तग धरेलही, पण पुढची पिढी चिखलात उतरलीच नाही तर आत्याच्या टोपलीत काय पडणार?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने वस्तीत आरोग्य शिबिर घेतले. मुलांना जुलाब होत होते. आम्ही वर्गणी काढून घरोघर साबण वाटले, आणि मी हट्टाने 'जंतुनाशक' लिहिलेलाच साबण आणला. साध्या साबणापेक्षा तो महाग. मी भाषणातही सांगितले की, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण हाच वापरा. आया-बहिणींनी माझे ऐकले. आज कळते की, सप्टेंबर २०१६ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बनसह १९ रसायने असलेल्या घरगुती जंतुनाशक साबणांची विक्री थांबवण्याचा निर्णय दिला होता. हे साबण साध्या साबण-पाण्यापेक्षा जास्त गुणकारी आहेत, आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत, हे कंपन्यांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे मी गरिबाच्या खिशातून जास्तीचे पैसे काढायला लावले, आणि ते पाणी समुद्राला पाठवले. हात धुण्याचा सल्ला बरोबर होता. महाग साबणाचा हट्ट चुकीचा होता. पुढच्या शिबिरात हे मी उभे राहून सांगणार आहे.

आपल्याला स्वच्छतेचे मोल कोणी शिकवायला नको. 'घाणेरडे' म्हणून ज्यांना शतकानुशतके हिणवले, त्या घरांतल्या बाईने पोराला चोळून आंघोळ घालून, केसांना तेल लावून शाळेत पाठवणे हा स्वाभिमान होता, आणि आहे. तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण स्वच्छता साध्या साबणाने होते. तिला चार बाटल्या आणि सात सुगंध लागत नाहीत. ते जाहिरातीने आपल्या गळ्यात घातले आहेत.

तेव्हा घरात करता येईल असे थोडे सांगतो. साबणाच्या वेष्टणावर बारीक इंग्रजी अक्षरांत घटक छापलेले असतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना ते वाचायला लावा. ट्रायक्लोसान किंवा ट्रायक्लोकार्बन दिसले तर दुसरा साबण घ्या. शाम्पू एक पुडी लागत असेल तिथे अर्धी वापरून पाहा. फेस जास्त म्हणजे केस जास्त स्वच्छ, असे नसते. रिकाम्या पुड्या, जुनी क्रीमे, मुदत संपलेल्या गोळ्या आणि मलमे मोरीत किंवा संडासात टाकू नका. सहलीला समुद्रावर गेलात तर क्रीम थापून पाण्यात उतरण्याऐवजी डोक्याला टोपी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा बरा.

खाण्याविषयीही दोन शब्द. तिसऱ्या खायला घाबरू नका. मात्र नाल्याच्या तोंडाशी काढलेल्या घेऊ नका. कुठून आणल्या, ते विकणाऱ्या बाईला विचारा, ती सांगते. स्वच्छ धुऊन चांगल्या शिजवा. उकळूनही जी उघडत नाही ती टाकून द्या.

पण एवढ्याने भागणार नाही, हेही तितकेच खरे आहे. शंभरातले ७२ लिटर आपल्या अर्ध्या पुडीने शुद्ध होणार नाहीत. ती जबाबदारी शासनाची आणि स्थानिक संस्थांची आहे. वॉर्डात सभा होते तेव्हा आपण नळ आणि रस्ता मागतो. त्या यादीत 'आमच्या गटाराचे पाणी शेवटी कुठे जाते?' हा प्रश्नही लिहायला हवा. अर्ज मी लिहून देईन, सह्या आपण गोळा करू. गरम होणारा समुद्र एका वस्तीने थंड होणार नाही. पण दोन ओझ्यांपैकी एक उतरवले तर शिंपल्याला दुसरे सोसायला बळ राहते. अभ्यासकांच्या प्रयोगांतून मी घेतलेला अर्थ एवढाच.

अभ्यासकांवरून आठवले. भाट्याच्या उत्तरेला काळबादेवीची खाडी आहे. १९७० च्या दशकात मराठवाडा विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी तिथल्या तिसऱ्यांची वाढ आणि दाटी मोजून ठेवली. ज्या विद्यापीठाला १९९४ साली बाबासाहेबांचे नाव मिळाले, तेच हे विद्यापीठ. समुद्रापासून इतक्या दूरच्या औरंगाबादेतून, आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, माणसे आमच्या खाडीत उतरून शिंपले मोजत होती, हे कळल्यावर लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती यंदा बारावीला आहे, शास्त्र शाखेला. "बाबा, आता परत कोणी मोजले पाहिजे ना?" असे तिने विचारले. मी म्हटले, "मोज की."

निघायच्या दिवशी आत्याने तिसऱ्यांचे सुके डब्यात भरून दिले. लेक पहिल्या दिवशी बरोबर आणलेला सुगंधी बॉडीवॉश घेऊन न्हाणीत गेली होती. शेवटच्या दिवशी ती बाटली पिशवीतच राहिली आणि ती आत्याच्या कोनाड्यातल्या साध्या वडीने आंघोळ करून आली. मी काही बोललो नव्हतो. आत्याही नाही.

मुंबईला उतरून घरी आलो, हातपाय धुतले. मोरीच्या जाळीतून फेस खाली गेला. आपल्या शहराचे सांडपाणी वरळी आणि वांद्र्याहून बोगद्यांनी लांब समुद्रात सोडले जाते. चैत्यभूमीच्या मागे ज्या लाटा येतात तोच तो समुद्र, आणि भाट्याच्या पुलाखालून आत्याच्या खाडीत शिरतो तोही तोच. तिथे या अमावस्येलाही ती पहाटे साडेपाचला उतरली असेल, आणि बारीक तिसरी पुढच्या वर्षासाठी परत टाकत असेल.